गुरुजींच्या आवाजाचा पाच नंबर

डॉक्टरकडे माणूस घाबरून जातो, वकिलाकडे चिडून जातो आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे दोन्ही होऊन येतो. नगरला स्टँडजवळ, एका जिन्याखालच्या गाळ्यात मी बरीच वर्षं हे काम केलं. नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागे बघायचं आणि विचारायचं, "इंजिनिअर कधी येतील?" मी म्हणायची, "आलेत. बसा." मग ते बसायचं, पण टेकून बसायचं नाही. बाईच्या हातात स्क्रू ड्रायव्हर बघून मशीनची काळजी वाटायची त्याला. आता ते आठवून हसू येतं, तेव्हा यायचं नाही.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आलेल्या मशीनपैकी बऱ्याच मशीनमध्ये काहीच मोडलेलं नसायचं. प्रत्येक भाग वेगळा काढून तपासला की ठणठणीत. एकत्र बसवले की रुसवे सुरू. जळलेला भाग बदलायला अक्कल लागत नाही, नवा आणून बसवला की झालं. पण दोन चांगले भाग एकमेकांना चालू देत नाहीत, तिथं खरी मजा. अशी केस आली की मी जेवण विसरायची.

भानगड अशी असायची. कॉम्प्युटरचा मेंदू एकच. कीबोर्ड, प्रिंटर, आवाजाचं कार्ड, फोनवरून संदेश पाठवणारा मोडेम, हे सगळे त्याच्याभोवती आपापलं काम करत असतात आणि कुणाला काही सांगायचं असलं की घंटी वाजवतात. मेंदू हातातलं काम बाजूला ठेवून त्याचं ऐकतो आणि पुन्हा कामाला लागतो. प्रत्येकाच्या घंटीला वेगळा नंबर. असे नंबर सगळे मिळून सोळा, त्यातले बरेचसे मशीननं स्वतःकडेच ठेवलेले. उरलेल्या चार-पाच नंबरांत बाकीच्यांनी भागवायचं. दोघांना चुकून एकच नंबर दिला गेला, की घंटी वाजते पण मेंदू भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. हल्लीची मशीन हे आपसात मिटवून टाकतात. तेव्हा ते आम्हाला चिमट्यानं इवल्याशा क्लिपा इकडून तिकडे हलवून मिटवावं लागायचं.

सोनईला कांद्याचे एक व्यापारी होते, भाऊसाहेब. त्यांचा निरोप आला की प्रिंटर सकाळी सकाळी बंद पडतो आणि नंतर आपोआप बरा होतो. मी पहिल्या गाडीनं गेले. भाऊसाहेबांनी अंघोळ करून मशीनला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि मशीनमध्येच सीडी घालून आरती लावली. मग एक पावती छापायला सोडली. अर्धी पावती बाहेर आली आणि प्रिंटर थांबला. आरती संपली आणि उरलेली अर्धी बाहेर आली.

"बघितलं का?" भाऊसाहेब म्हणाले. "धंद्याच्या आधी देव. मशीनला बी कळतं."

प्रिंटर आणि आवाजाचं कार्ड, दोघांनाही सात नंबर दिलेला होता. मी मशीन उघडलं, क्लिप हलवली, आवाजाला वेगळा नंबर दिला. आता आरती चालू असतानाच पावत्या भराभर छापून पडायला लागल्या. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. चहा पाजला, मजुरी दिली आणि मी निघाले तर रस्त्यापर्यंत पोचवायला आले.

"ताई, एक सांगू का? रागावू नका. ते पयल्यासारखं करून द्या."

"अहो, बिघाड होता तो."

"आसंल. पन देवाचं चाललेलं असताना पावत्या फाडायच्या, हे माझ्या मनाला पटना झालंय."

मी परत आत गेले, मशीन उघडलं आणि त्यांचा बिघाड त्यांना परत दिला. माझ्या कामाच्या आयुष्यात बिघाड बसवून देण्याचे पैसे मी तेवढे एकदाच घेतले.

असे गमतीचे किस्से पुष्कळ आहेत. पण मला जे सांगायचं आहे ते अकोल्याच्या गुरुजींचं. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं डोंगराकडचं अकोले, नाहीतर लोकांना विदर्भातलं वाटतं. तिथल्या बाजूच्या एका भाताच्या गावात हे गुरुजी राहायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मला ते माझ्या मावसबहिणीच्या लग्नापासून माहीत होते. आमच्या समाजात लग्नात बुद्धवंदना म्हणायला चांगला आवाज लागतो, आणि त्या पट्ट्यात गुरुजींसारखा आवाज दुसरा नव्हता. लाउडस्पीकर नसला तरी मांडवाच्या शेवटच्या रांगेतली म्हातारी माणसं हात जोडायची. जयंतीला, कुणी वारल्यावर पुण्यानुमोदनाला, शाळेच्या झेंड्याला, सगळीकडे तोच आवाज.

ते एक दिवस काकूंना घेऊन माझ्या गाळ्यात आले. काकूंच्या खांद्याला गोधडीच्या चिंध्यांची शिवलेली जाड पिशवी होती आणि तिच्यात एक जुना लॅपटॉप. गुरुजी "जयभीम, नंदा" म्हणाले आणि मी दचकले. आवाज खरवडल्यासारखा झाला होता.

"घशात गाठ हाय," काकूंनी सांगितलं. "पुन्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, स्वरयंत्र काढावं लागंल. पुडच्या म्हयन्यात बोलवलंय."

"मग आवाज?"

"मग न्हाई," गुरुजी म्हणाले. इतकं साधं म्हणाले की मी खाली बघितलं.

लॅपटॉप त्यांच्या पुतण्यानं, प्रशांतनं पाठवला होता. तो बंगलोरला नोकरीला. ऑफिसातून काढून टाकलेलं मशीन त्यानं विकत घेतलं, त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम घातली आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ऑपरेशनच्या आधी गुरुजींनी रोजच्या गरजेची वाक्यं स्वतःच्या आवाजात त्यात म्हणून ठेवायची. नंतर कीबोर्डवरची एक पट्टी दाबली की एक वाक्य वाजणार. आवाज काढून टाकायच्या आधी तो साठवून ठेवायचा, असं हे काम. प्रशांतकडे सगळं नीट चाललं होतं. मग त्यानं त्यात मोडेमचं कार्ड बसवलं, पार्सल गाडीत टाकलं आणि कंपनीनं त्याला तातडीनं अमेरिकेला पाठवलं. त्याचा फोन लागेना. आणि मशीन आवाज घेईना. रेकॉर्ड करायला गेलं की पडद्यावर एकच ओळ यायची, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'.

"बिझी म्हंजे कामात," गुरुजी म्हणाले. "कुनाच्या कामात? हितं तर अजून कुनी काई केलंच न्हाई." मग ते खाकरले. काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

मी त्यांना घंट्यांचं गणित सांगितलं. ते लगेच म्हणाले, "म्हंजे माझी पयली शाळा. चार वर्ग आन मास्तर एक." इतक्या थोडक्यात हे मला कधी सांगता आलं नव्हतं. पुढे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आले.

मशीन माझ्याकडे ठेवून ते गेले. मला वाटलं, दुपारपर्यंत होईल. मोडेम घातल्यावर बंद पडलंय, म्हणजे मोडेमनं नंबर पळवला असणार. मी मोडेमचं कार्ड खाचेतून ओढून काढलं. मशीन पुन्हा चालू केलं. तीच ओळ. प्रिंटरची जोडणी बंद केली. तीच ओळ. जे जे बंद करता येतं ते ते बंद केलं, तरी तीच ओळ. आवाजाची चिपच गेली असं ठरवून मी फ्लॉपीवरून डॉस ही जुनी सिस्टिम चालू केली, तर चिप खणखणीत वाजली. म्हणजे मोडलेलं काही नव्हतं. माझ्या आवडीची केस, पण या वेळी जेवण गोड लागेना. कारण इथं उशीर झाला तर नवा भाग मिळणार नव्हता. गुरुजी मध्ये एकदा त्यांच्या गावातल्या दुकानातून फोनवर बोलले आणि त्यांचा आवाज गाळ्यात आला होता त्याहून बसलेला होता. रोज थोडा थोडा जात होता.

लिनक्स मला नवीन होतं. नेहमीच्या सिस्टिमवर काही अडलं तर कंपनीच्या माणसाला फोन करता यायचा. हिला कंपनीच नव्हती. नगरच्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये माझी मैत्रीण शिकवायची. ती म्हणाली, "हिला मालक नाही, पण विचारायला जागा आहे." जगभरातले हे वापरणारे लोक ईमेलवर एकमेकांना प्रश्न विचारतात आणि ज्याला येतं तो फुकट उत्तर देतो म्हणे. मला ते थापेसारखं वाटलं. इथं शेजारच्या दुकानदाराला रस्ता विचारला तरी तो आधी कुठून आलात विचारतो. पण दुसरा इलाज नव्हता. तिच्या लॅबमधून पुण्याच्या इंटरनेटला एसटीडी लावून, तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी सगळं लिहिलं. मशीन कुठलं, काय काय करून बघितलं, आणि शेवटी हेही लिहिलं की एका शिक्षकाचा आवाज जाणार आहे आणि तो त्याआधी आत घ्यायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण स्वतः स्कूटरवर आली. हातात कागद. ब्राझीलमधल्या कुणा माणसानं उत्तर दिलं होतं. मला त्याचं नाव नीट उच्चारताही येईना.

त्यानं लिहिलं होतं, आधी मशीनलाच विचारा. लिनक्समध्ये एक जागा आहे, तिथं कुठली घंटी कुणाच्या नावावर आहे आणि ती आजवर किती वेळा वाजली हे मशीन स्वतः सांगतं. मी ती ओळ टाइप केली आणि पडद्यावर नंबरांची उतरंड उभी राहिली. एक नंबर कीबोर्डचा. त्याच्यासमोरचा आकडा बघितला, चार-दोन पट्ट्या दाबल्या, पुन्हा विचारलं. आकडा वाढलेला. माझी बोटं मशीन मोजत होतं आणि विचारलं तर लपवाछपवी न करता सांगत होतं. इतकी वर्षं मी मशीनला बाहेरून टकटक करून, वास घेऊन, अंदाजानं ओळखत आले होते. कुणी पोट उघडून म्हणेल, बघ बाई, हे असं आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी किती तरी वेळ नुसती पट्ट्या दाबत आणि आकडे बघत बसले. मैत्रीण म्हणाली, "खेळतेस काय?" खेळतच होते. देवळात लहान मूल घंटेखाली उभं राहतं तशी माझी गत झाली होती.

आणि पाच नंबर, जो आवाजाच्या चिपला लागतो, तो घेऊन बसली होती ती मोडेमची रिकामी खाच. कार्ड मी काढलं होतं, पण त्या खाचेला स्वतःचा एक पहारेकरी असतो. कुणी कार्ड घातलं किंवा काढलं तर वर्दी द्यायची एवढंच त्याचं काम. मशीन चालू होताना तो सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि जो नंबर मोकळा दिसेल तो घेऊन टाकतो. आवाजाची चिप जागी व्हायची गरज लागेल तेव्हाच, तोवर तिचा पाच नंबर गेलेला. मी बिऱ्हाड बाहेर काढलं होतं आणि राखणदाराला विसरले होते. ब्राझीलच्या माणसानं एकच ओळ लिहून दिली होती. ती एका फाइलमध्ये घालायची, म्हणजे पहारेकरी पाच नंबर सोडून दुसरा घेईल. खाली त्यानं लिहिलं होतं, शिक्षकांचा आवाज आला की मला कळवा.

मी तो कागद परत परत वाचला. समुद्रापलीकडच्या माणसाला अकोल्याच्या गुरुजींचं काय पडलं होतं? ना ओळख, ना पाळख. आजही मला ते पूर्ण उलगडलेलं नाही, आणि उलगडावं असं वाटतही नाही.

त्याच दिवशी दुपारी गुरुजी आणि काकू ठरल्याप्रमाणे आले. मी त्यांच्यासमोरच ती ओळ घातली आणि मशीन पुन्हा चालू केलं. यादी विचारली. पाच नंबरसमोर आवाजाच्या चिपचं नाव. गुरुजी वाकून बघत होते.

"म्हंजे हजेरीत नाव नसलेला पोरगा बाकावर बसला हुता म्हना की."

मी माइक त्यांच्यापुढे ठेवला आणि रेकॉर्ड चालू केलं. ती नेहमीची ओळ येते का बघत मी पडद्याकडे डोळे लावून बसले. ओळ आली नाही. गुरुजींना वाटलं, अजून चालू झालेलं नाही. ते नुसते खाकरले आणि माझ्या खुणेची वाट बघत बसले. मी थांबवलं आणि वाजवून बघितलं. त्या लहानशा स्पीकरमधून गुरुजींचं खाकरणं बाहेर आलं, स्वच्छ. काकूंनी रस्त्याकडे बघतच पिशवीतून बाटली काढून पुढे केली. गुरुजी हसले. मला तर ओरडावंसं वाटत होतं. खाकरणं तर खाकरणं, पण आवाज आत गेला होता.

हे सगळं झालं तरी अर्धंच काम झालं होतं. गुरुजींचा आवाज सकाळीच थोडा मोकळा असायचा, गरम पाणी प्यायल्यावर. म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या गावाला गेले आणि त्यांच्याकडेच राहिले. तिथं वेगळाच पेच. घराला लागून भाताची गिरणी. लाइट असली की गिरणी धडधडायची आणि रेकॉर्डिंगमध्ये गुरुजींपेक्षा तीच जास्त ऐकू यायची. लाइट गेली की गिरणी बंद, सगळीकडे शांत, पण लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, तो लाइटबरोबर बंद. शेवटी गुरुजी स्वतः गिरणीवाल्या किसनकडे गेले. तो त्यांचाच विद्यार्थी.

"सकाळच्याला गिरनी बंद ठेवशील का रं? माजं बोलायचं राह्यलंय."

किसन लगेच उठला. पट्टा उतरवून ठेवला. भात घेऊन आलेल्या बायका पोत्यांवर बसून राहिल्या आणि आतून गुरुजींचा आवाज ऐकत राहिल्या. कुणी भरडायची घाई केली नाही.

गुरुजींनी आधी वंदना म्हटली, सबंध. आवाज दोनदा तुटला, दोनदा त्यांनी पहिल्यापासून धरली. मग वाक्यं. आणि इथं एक गंमत झाली. माइक समोर आला की गुरुजींच्या अंगात मास्तर शिरायचा. "कृपया मला पिण्यासाठी पाणी द्यावे." "माझ्या छातीत दुखत आहे, डॉक्टरांना बोलवावे." "आपण कुशल आहात ना?" शुद्ध, पाठ्यपुस्तकातल्यासारखं. काकू चुलीपाशी हसायला लागल्या.

"आसं कवा मागितलं व्हतं वो तुमी पानी? घरात कुनी कृपया म्हनतं व्हय?"

"कायम राहायचं हाय ते," गुरुजी म्हणाले. "कायम राहायचं ते नीट आसावं."

मी सुचवलं की काकूंना हाक मारायलाही एक पट्टी असू द्या. गुरुजी अवघडले. काकूंचं नाव सोनाबाई. त्यांनी माइककडे बघून, हजेरी घेतल्यासारखं, "सोनाबाई" असं म्हटलं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मागच्या दारी निघून गेल्या. नंतर भाकरी करताना मला म्हणाल्या, "लग्नात उखान्याला घेतलं आसंल तेवडंच. आमच्यात न्हाई नाव घेत."

नगरला आल्यावर मी एकेक वाक्य साफ केलं. घसा भरलेला असल्यानं गुरुजी प्रत्येक वाक्याच्या आधी खाकरायचे, तो भाग कापून टाकला. मागचे कोंबडे कापले, काकूंच्या बांगड्या कापल्या. वाक्यं अशी स्वच्छ झाली की रेडिओवर लावावीत. फक्त पहिली चाचणी मी ठेवली. माझी ती सवयच आहे. मशीन ज्या फाइलवर पहिल्यांदा सुधारलं ती मी पुसत नाही, पुढे पुन्हा बिघडलं तर पडताळायला बरी. ब्राझीलला दोन ओळी लिहून कळवलं, आवाज आला. त्याचं लगेच उत्तर आलं, फक्त आनंदाचं.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर मी गेले ती भातकापणीच्या दिवसांत, सकाळच्या वेळी. एक पट्टी अडकत होती, ती काढायला. गुरुजी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेले, गळ्याला स्वच्छ पांढरा रुमाल. मला बघून त्यांनी पट्टी दाबली आणि मशीन त्यांच्याच आवाजात म्हणालं, "जयभीम. आपण कुशल आहात ना?" ओठ बंद, आवाज तोच. मी पायरीवरच थांबले. हे मीच जोडून दिलं होतं, कुठली घंटी कुठल्या नंबरला ते मला तोंडपाठ होतं, आणि तरी माझा विश्वास बसत नव्हता. वाटेत गिरणीवाला किसन सांगत होता, परवाच्या लग्नात वंदनेला गुरुजींनी हेच मशीन लावलं आणि सगळा मांडव हात जोडून उभा राहिला.

मग गुरुजींना काकू हव्या होत्या. त्यांनी शेजारचा चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर टणटण वाजवला. काकू आल्या, बघून गेल्या. चेहरा कसनुसा.

मी आत गेले. "हाक मारायची पट्टी बिघडली का?"

"न्हाई. चालती की," काकू म्हणाल्या. त्या पीठ मळत होत्या. "पन ते सोनाबाई ऐकलं की मला वाटतं, कुनी सरकारी मानूस आलंय. मी वळतच न्हाई. कानाला ठावंच न्हाई ते. म्हनून मग पेला वाजवत्यात." त्यांनी पिठाला पाणी लावलं. "कोंबड्यांला बोलवल्यागत वाटतं, बघ नंदे. त्यांचा दोष न्हाई. पन वाटतं."

"मग आधी कसं बोलवायचे?"

"बोलवायचे कुटं? खाकरायचे. येवडी वर्सं नुसतं खाकारले का मला कळायचं, पानी पायजे का च्या पायजे का पोरीची आटवन आलीय. आता त्यांला खाकरता बी येत न्हाई."

मी तशीच बाहेर आले आणि गुरुजींच्या मांडीवरचा लॅपटॉप माझ्याकडे घेतला. प्रत्येक वाक्याच्या आधीचं खाकरणं मीच माझ्या हातानं कापून फेकलं होतं, कचरा म्हणून. पण पहिली चाचणी होती. पहारेकऱ्यानं पाच नंबर सोडल्यावर या मशीननं पहिल्यांदा जे ऐकलं ते. फाइल सापडली. कीबोर्डवरची सगळ्यात लांब पट्टी मोकळी होती, तिला ती जोडली. गुरुजींना काही सांगितलं नाही. लॅपटॉप परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचं बोट धरून त्या लांब पट्टीवर टेकवलं.

खाकरण्याचा आवाज ओटीवरून आत गेला.

"आले, आले," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. पाठोपाठ पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही.

त्या दारात आल्या. हात पिठानं भरलेले. त्यांनी आधी गुरुजींच्या तोंडाकडे बघितलं, मग गळ्यावरच्या रुमालाकडे, मग माझ्याकडे.

"च्याच पायजे ना?" त्या म्हणाल्या. "ठिवलाय की मग."

गुरुजींनी पट्टी पुन्हा दाबली. काकू त्यांच्यासमोरच उभ्या होत्या.

"आले ना आता," त्या म्हणाल्या, आणि पिठाच्या हातांनी तिथंच त्यांच्याजवळ खाली बसल्या.